मुलाखत माझी की माझ्या लग्नाची?



एका सरकारी कार्यालयात गावोगाव फिरून नोंदी घेण्याचं अकरा महिन्यांचं कंत्राटी काम निघालं. मी पदवीधर. एटापल्ली तालुक्यातून पहाटे निघून, दोन एस.टी. बदलून मुलाखतीला पोचले. बोलावलं होतं दहाला, नाव पुकारलं चारला. बायकांच्या संडासाला दिवसभर कुलूप.

आत तीन साहेब. कामाबद्दल एकच प्रश्न. बाकीचे असे : लग्न झालं का? नवरा पाठवेल का? मूल लहान आहे, मग फिरणार कशी? जंगलात भीती नाही वाटणार? माझ्या आधी आत गेलेल्या मुलाला मी नंतर विचारलं. त्याला यातलं काहीच विचारलं नव्हतं. लहान मूल त्यालाही आहे! शेवटी "कळवू" म्हणाले. निवड यादी लागलीच नाही. तीन खेपा घातल्या, तिन्ही वेळा "साहेब दौऱ्यावर". भाडं माझं, बुडालेली मजुरी माझी.

भीतीचंच बोलायचं तर ऐका. मोहफुलं वेचायला आमच्या बाया पहाटेच्या अंधारात जंगलात जातात. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाच्या हल्ल्यात गेल्या. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोबात एक महिला वनरक्षक व्याघ्रगणनेच्या कामावर असताना वाघिणीच्या हल्ल्यात मेली. मोह-तेंदूला जाणाऱ्या बाईला नवरा पाठवेल का, असं कुणी विचारत नाही. महिन्याचा पगार द्यायची वेळ आली, की मगच आमची काळजी वाटू लागते!

घटनेचं 16 वं कलम सरकारी नोकरीत स्त्री-पुरुष भेद करू नका म्हणतं. परराष्ट्र सेवेत बाईला लग्नासाठी परवानगी घ्यावी लागे. सी. बी. मुथम्मा त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि 1979 साली सर्वोच्च न्यायालयाने असल्या नियमांवर कोरडे ओढले. नियम पुस्तकातून गेला, साहेबांच्या तोंडात मात्र अजून आहे. आणि कंत्राटी बाई दाद मागणार नाही, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं आहे.

आमचं मागणं साधं आहे. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारा, मुलाखत घेणाऱ्यांत बाई असू द्या, गुणांसह यादी फळ्यावर लावा.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आहे : सगळ्यांचे गुण दाखवा. तुमच्यापैकी जिला जिला "कळवू" म्हणून घरी पाठवलं, तिनेही टाकावा. एकटीचा कागद फायलीत दबतो. पन्नास जणींचे कसे दाबतील, बघूच.