अभ्यासाचा भाव ठरवू नका



दहावीचा निकाल लागला की आपल्या समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो : ‘गुणगौरव समारंभ. ८५ टक्के व त्यापुढील विद्यार्थ्यांनी गुणपत्रिकेची झेरॉक्स जमा करावी.’ यंदाही आला. माझ्या नातीला ८४.२० टक्के पडले. दुपारी पोर खुशीत होती. ज्या गणिताची नववीपर्यंत धास्ती घेतली होती, त्यात ७८ मिळाले होते. संध्याकाळी निरोप वाचला आणि निकालाचा कागद कपाटात ठेवत म्हणाली, “आजी, कुणी विचारलं तर टक्के सांगू नकोस हं.”

मला राग आला. समितीचा आला, तसा माझा स्वतःचाही आला. कारण हेच मी आपल्या पाठशाळेत केलं आहे.

काही वर्षांपूर्वी मी रविवारची पाठशाळा घेत होते. मुलं येईनात, म्हणून मीच युक्ती काढली. एक सूत्र पाठ केलं की एक शिक्का, दहा शिक्के झाले की कंपास पेटी. मुलं धडाधड पाठ करू लागली. मी सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले. एक मुलगी मात्र मधेच विचारायची, “आता घरात एवढे दिवे असतात, मग रात्री का जेवायचं नाही?” मी म्हणायची, “आधी पाठ कर, मग सांगते.” ते ‘मग’ कधी आलंच नाही. पेट्यांचे पैसे संपले, शिक्के थांबले आणि निम्मी मुलं यायची बंद झाली. ती मुलगीही त्यांच्यातच होती. बाकीची पेटीसाठी येत होती. ती उत्तरासाठी येत होती, आणि ते मी दिलं नाही.

आता आपलं शास्त्र काय सांगतं ते आठवा. स्वाध्याय हे अभ्यंतर तप आहे. त्याच्या पाच अंगांत वाचनेनंतर लगेच पृच्छना येते. म्हणजे प्रश्न विचारणं हाच स्वाध्याय, तो अभ्यासातला व्यत्यय नव्हे. दुसऱ्याच्या ज्ञानात अडथळा आणणं हे ज्ञानावरणीय कर्माच्या बंधाचं एक कारण सांगितलं आहे. ‘आधी पाठ कर’ म्हणताना मी काय बांधत होते, ते मला आज कळतं.

आणि निदान? माया, मिथ्यात्व, निदान ही तीन शल्यं आपण लहानपणापासून ऐकतो. व्रत करायचं आणि त्याच्या बदल्यात भोगाचं फळ मागायचं, हे निदान. उपवास करणाऱ्या सुनेला आपण सांगतो, “मनात काही मागू नकोस बाई.” त्याच घरात नातवाला सांगतो, “नव्वद पाड, मोबाइल घेऊन देते.” तपाला भाव लावायचा नाही, मग अभ्यासाला का लावायचा?

काही जणी म्हणतील, “अहो, बक्षिसाशिवाय आजची मुलं पुस्तक उघडत नाहीत. स्पर्धेचं जग आहे.” स्पर्धा मला मान्य आहे. बक्षिसावरही माझा राग नाही. आपल्याकडे प्रभावना वाटतात, ती आलेल्या प्रत्येकाला मिळते. ती आनंदाची वाटणी असते. आधी दर ठरवून केलेला सौदा वेगळा. सौद्यात मूल हिशेब शिकतं : कमीत कमी किती केलं की मोबाइल मिळतो? मोबाइल हातात आला की खातं बंद, पुस्तकही बंद.

मग मुलाला रोज सकाळी पुस्तकाशी कोण बसवतं? माझं सांगते. मी बी.कॉम. झाले ते घरच्या दुकानामुळे. वडील रात्री किर्द-खतावणी माझ्यापुढे ठेवायचे. तेरीज जुळत नसली की मी जेवण विसरायची. चूक सापडली की वडील फक्त म्हणायचे, “आता उद्याचंही तूच बघ.” मला कुणी काही दिलं नव्हतं. माझ्यावाचून कुणाचं तरी अडतं, एवढंच कळलं होतं.

नातीला विचारलं, गणिताची भीती कशी गेली गं? म्हणाली, शेजारच्या पाचवीतल्या मुलाला अपूर्णांक शिकवता शिकवता. त्याला सांगताना स्वतःलाच कळायला लागलं, आणि दुसऱ्या दिवशी तो येणार म्हणून तयारी करावीच लागायची. वर्षभर चाललेली ही गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नव्हती. आम्ही फक्त टक्के विचारत होतो.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले, कुंभोजला जन्मलेले. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. स्वावलंबनाने शिका, हा त्यांचा आग्रह. सगळ्या जातींची मुलं वसतिगृहात एकत्र राहत, कष्ट करत आणि शिकत. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, टक्के विचारून दिले नाहीत. आणि स्वतः कर्मवीर मॅट्रिक पास नव्हते. आपल्या समारंभाच्या नियमाने त्यांना व्यासपीठावर खुर्ची मिळाली नसती!

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. ८५ ची अट काढा. श्रुतपंचमीला आपण जिनवाणीची पूजा करतो, श्वेतांबर मैत्रिणी ज्ञानपंचमीला ग्रंथ आणि पाटी-पुस्तकं पूजतात. ग्रंथाची पूजा करताना आपण पूजा करणाऱ्याचे गुण विचारत नाही. गुणगौरव श्रुतपंचमीलाच ठेवा आणि दहावी-बारावीच्या प्रत्येक मुलाला बोलवा. हार नको, शाल नको. वर्षभरात आपल्याला काय नवं कळलं, हे प्रत्येकाने दोन मिनिटं सांगावं. नापास झालेल्यानेही सांगावं. त्याच्याकडेही सांगण्यासारखं असतं.

आणि घरात, मूल शाळेतून आलं की ‘किती पडले?’ हा प्रश्न आठ दिवस तोंडातून काढू नका. ‘आज काय विचारलंस?’ असं विचारून बघा. पहिले दोन दिवस ते तुमच्याकडे बघतच राहील. तिसऱ्या दिवशी बोलेल.

समितीला मी पत्र लिहिलं आहे. रविवारी अभिषेकानंतर मंदिराच्या ओसरीवर ते घेऊन बसणार आहे. पटत असेल तर सही करा. पटत नसेल तर भांडायला या, पण या. ती रात्रीभोजनाचा प्रश्न विचारणारी मुलगी आता कॉलेजात आहे. तिलाही निरोप धाडला आहे. तिचं उत्तर देणं माझ्याकडून राहिलंय.