घरातल्या संगणकाचा विमा : पेटीची किंमत आणि मजकुराचे मोल

घरात आणलेल्या वस्तूचे मोल ठरविण्याच्या आपल्या काही जुन्या रीती आहेत. सोने वजनावर जोखले जाते, जमीन क्षेत्रावर आणि प्रतीवर, गाय दुधावर. संगणक ह्यांपैकी कोणत्याच मापात बसत नाही. दुकानातून घरी आणल्या दिवसापासून त्याची बाजारातली किंमत उतरू लागते आणि त्याच दिवसापासून घरच्या माणसांच्या लेखी त्याचे मोल चढू लागते. सात-आठ वर्षांनी विकायला काढला तर भंगारवाल्यापेक्षा फार अधिक कोणी देणार नाही. पण तेवढ्या काळात त्यात साठलेली छायाचित्रे, पत्रव्यवहार, हिशेब, अर्धवट कादंबरी आणि पुरा झालेला प्रबंध ह्यांना किंमत लावायला बसलो तर आकडा सुचणार नाही. घरगुती संगणकाचा विमा हा विषय वरवर पाहता रुक्ष आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु किंमत आणि मोल ह्यांतले अंतर त्यात जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसत असेल.

आमचे म्हणणे आरंभीच सांगतो. ज्याला गरज आहे त्याने संगणकाचा विमा अवश्य उतरवावा; पण कोणते विमापत्र कशाची भरपाई देते हे वाचून उतरवावा. आणि आतल्या मजकुराचा खरा विमा आपला आपणच उतरवायचा असतो, हेही त्याच वेळी ध्यानात घ्यावे.

धोका काल्पनिक नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतल्या असंख्य तळमजल्यांवर पाणी चढले. त्या काळच्या घरगुती संगणकाची पेटी बहुधा टेबलाखाली जमिनीवरच ठेवलेली असे. म्हणजे घरात शिरलेले पाणी ज्या वस्तूंना प्रथम भेटे त्यांत तिचा नंबर वरचा. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीने आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणने तसाच अनुभव घेतला. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयातली पुस्तके ह्या पुरात भिजली. भिजलेला कागद उन्हात वाळवता तरी येतो. चिखलात बुडालेल्या हार्ड डिस्कला ऊन दाखवून फारसे काही साधत नाही.

अशा प्रसंगी आपल्याकडे जी धावपळ होते तिला ‘बैल गेला आणि झोपा केला’ ही म्हण चपखल लागू पडते. पण झोपा वेळेवर केला तरी तो कोणत्या बाजूने उघडा आहे हे पाहावे लागते. विमापत्राचेही तसेच आहे.

१ एप्रिल २०२१ पासून भारतात सर्व सामान्य विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ हे एकसारख्या मसुद्याचे विमापत्र देणे बंधनकारक झाले. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे अशा आपत्तींपासून घर आणि घरातले सामान ह्यांना ते संरक्षण देते. घराच्या इमारतीचा विमा उतरवला की तिच्या विमारकमेच्या वीस टक्क्यांइतके, पण दहा लाख रुपयांच्या मर्यादेत, घरातले सर्वसाधारण सामान आपोआप संरक्षित होते, आणि ह्या सामानात विद्युत्‌ उपकरणे येतात. भाडेकरूला केवळ सामानाचाही विमा उतरवता येतो. ही व्यवस्था चांगली आहे, हे निःसंकोच सांगितले पाहिजे.

मात्र ह्याच विमापत्रात चोरीविषयीचे कलम वाचावे. वर सांगितलेल्यांसारखी एखादी आपत्ती ओढवली, तिच्यामुळेच चोरी झाली आणि तीही सात दिवसांच्या आत झाली, तरच भरपाई मिळते. पुराच्या गोंधळात संगणक पळवला गेला तर तो विम्यात येतो. पण एरवी भर दुपारी कुलूप तोडून नेला तर येत नाही. आपण ‘घराचा विमा’ असे म्हणतो तेव्हा चोर हीच पहिली आकृती आपल्या डोळ्यांपुढे येते, आणि नेमकी तीच ह्या मूळ विमापत्राच्या बाहेर उभी आहे. तिच्यासाठी घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, किंवा तो समाविष्ट असलेले गृहस्थांचे एकत्रित विमापत्र घ्यावे लागते.

आता घरफोडी म्हणजे काय? सामान्य माणसाच्या लेखी वस्तू गेली ती गेली. विमापत्रांच्या भाषेत मात्र रूढ व्याख्येप्रमाणे आत शिरताना किंवा बाहेर पडताना बळाचा वापर झालेला असावा लागतो. दार उघडे राहिले आणि कोणी लॅपटॉप उचलून नेला, तर ती चोरी खरीच, पण घरफोडी नव्हे. हा प्रश्न युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. २००४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला तो असा की, विमापत्रात बळाच्या वापराची अट असेल तर ती पुरी झालीच पाहिजे. न्यायालय कराराचे शब्द बदलू शकत नाही. परंतु त्याच निकालात न्यायालयाने अशी अपेक्षाही व्यक्त केली की, विमा कंपन्यांनी ही व्याख्या लोकांना सहज कळेल अशा अर्थाच्या जवळ आणावी. निकालातला पहिला भाग कंपन्यांच्या वकिलांना तोंडपाठ असतो. दुसऱ्या भागाची आठवण ग्राहकांनी त्यांना वारंवार करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

तिसरे कलम विजेचे. विजेचा दाब एकाएकी वाढून किंवा आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊन यंत्र जळाले, तर आगीच्या विम्यात सामान्यतः त्या यंत्राची भरपाई मिळत नाही. त्यातून पसरलेल्या आगीत शेजारचे कपाट जळाले तर कपाटाची मिळते. आपल्याकडे संगणक बिघडण्याचे एक नित्याचे कारण म्हणजे विजेची ये-जा. पण तिच्यासाठी विद्युत्‌ उपकरणांच्या बिघाडाचे निराळे कलम जोडून घ्यावे लागते. शिवाय लॅपटॉप हा घरात कमी आणि बाहेर अधिक असतो. रेल्वेच्या डब्यात तो गेला, तर ‘घरातले सामान’ ही संज्ञा तिथवर पोचत नाही. नोकरीच्या ठिकाणाहून मिळालेला लॅपटॉप मुळात आपल्या मालकीचा नसतो. त्याची जबाबदारी कोणाची, हे मालकाकडून लेखी घ्यावे. आणि ज्यांचा अक्षरजुळणीचा, भाषांतराचा किंवा शिकवणीचा धंदाच घरच्या संगणकावर चालतो, त्यांनी ते विमा घेतानाच कळवावे. दावा करताना ते कंपनीच्या ध्यानी आले तर वाद उभा राहतो.

हे सारे वाचून विमा कंपन्या लबाड असतात, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो आमचा नव्हे. हानी होण्यापूर्वी माणूस जिथे होता तिथे त्याला परत आणून ठेवणे, त्याहून वर नाही आणि खालीही नाही, हे हानिपूर्तीच्या विम्याचे तत्त्व आहे. विमा म्हणजे सोडत नव्हे. म्हणूनच काही विमापत्रे घसारा वजा करून रक्कम देतात आणि काही नव्या वस्तूच्या किमतीने देतात. आपले कोणते हे आधी विचारावे. जुन्या धर्तीच्या विमापत्रांत विमा कमी रकमेचा असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात घटते. एक लाखाच्या सामानाचा पन्नास हजारांचा विमा असेल आणि चाळीस हजारांचे सामान गेले, तर हाती वीस हजार येतात. तत्त्व न्याय्यच आहे. अडचण एवढीच की हे तत्त्व फक्त पेटीला लागू होते. पेटीतला मजकूर गेला तर माणसाला पूर्वीच्या जागी आणून ठेवणे कोणत्याही कंपनीच्या हाती नसते. काही विशेष विमापत्रे माहिती पुन्हा भरण्याचा खर्च देतात, हे खरे. पण पुन्हा भरायला ती माहिती कुठेतरी शिल्लक असावी लागते.

साहित्याच्या इतिहासात ह्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. टॉमस कार्लाइलने फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासाच्या पहिल्या खंडाचे हस्तलिखित जॉन स्टुअर्ट मिलला वाचायला दिले होते. १८३५ मध्ये ते मिलच्या ताब्यात असताना मोलकरणीच्या हातून रद्दी समजून जाळले गेले. दुसरी प्रत नव्हती. मिलने दोनशे पौंड देऊ केले. कार्लाइलने शंभर घेतले आणि तो खंड पुन्हा लिहिला. १८३७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या शंभर पौंडांत पुन्हा लिहिण्याच्या काळातला घरखर्च निघाला असेल, मिलच्या मनावरचे ओझेही थोडे हलके झाले असेल. पण जळालेली पाने त्यात नव्हती. भरपाईची मर्यादा ह्याहून नेमकी सांगता येणार नाही.

दुसरे उदाहरण प्रतीविषयीचे आहे. १९२२ च्या डिसेंबरात अर्नेस्ट हेमिंग्वेची पत्नी हॅडली पॅरिसहून लोझानला निघाली, तेव्हा रेल्वे स्थानकावर तिच्याजवळची पेटी चोरीला गेली. तीत नवऱ्याच्या त्या वेळच्या जवळजवळ सगळ्या कथा होत्या, आणि कार्बन प्रतीही त्याच पेटीत होत्या. प्रती काढल्या होत्या, पण त्या मूळ लिखाणाशेजारीच ठेवल्या होत्या. संगणकाशेजारच्या खणात ज्याची बाहेरची हार्ड डिस्क पडलेली असते, त्याची स्थिती ह्याहून निराळी नसते. चोर दोन्ही नेतो, पाणी दोन्हींत शिरते.

उलट टोकाला तुकोबांची गाथा आहे. इंद्रायणीत वह्या बुडवल्या आणि त्या तरल्या, ह्या कथेत श्रद्धावंतांना चमत्कार दिसतो. चिकित्सक मंडळी सांगतात की, वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या मुखी होते आणि टाळकऱ्यांनी ते उतरवून घेतलेले होते. संताजी जगनाडे ह्यांच्या वह्यांचा निर्देश ह्या संदर्भात नेहमी होतो. वाचकांनी हवा तो अर्थ घ्यावा. आमच्या विषयापुरता बोध एकच : जे अनेक ठिकाणी असते ते एका ठिकाणी बुडाले तरी नाहीसे होत नाही.

तेव्हा मजकुराचा विमा म्हणजे दुसरी प्रत, आणि ती घराबाहेर. ती दुसऱ्या गावच्या भावंडाकडे ठेवलेल्या डिस्कवर असो की इंटरनेटवरच्या साठवणीत असो. ती ठरलेल्या दिवशी काढली जावी आणि अधूनमधून उघडून पाहिली जावी. मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती अशा संचांत टंकलेला मजकूर अनेकांकडे पडून आहे. त्याची प्रत असली तरी तो फॉन्ट नसला की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटते. असा मजकूर युनिकोडात आणून ठेवणे हाही विम्याचाच हप्ता होय. आणि चोरीत यंत्र गेले तरी आतली बँकेची, आधारची कागदपत्रे चोराला वाचता येऊ नयेत, म्हणून डिस्क कूटबद्ध करून ठेवावी. ही सोय आता बहुतेक संगणकांत असते.

यंत्राच्या विम्यासाठी पावती, अनुक्रमांक आणि छायाचित्र इतके जपले तरी बरेच काम होते. तेही अर्थातच त्याच संगणकात जपू नये. चोरी झाली तर पोलिसांत लगेच फिर्याद द्यावी, कंपनीला लेखी कळवावे आणि नुकसान झालेले यंत्र सर्वेक्षकाने पाहीपर्यंत टाकून देऊ नये. दावा नाकारला गेला किंवा महिनाभरात उत्तर आले नाही, तर विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. मुंबईत आणि पुण्यातही लोकपालाचे कार्यालय आहे.

सगळ्यांनीच विमा उतरवावा, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. जे नुकसान आपण सहज सोसू शकतो त्याचा विमा उतरवणे म्हणजे हप्त्याचे पैसे वाया घालवणे. ज्याला उद्या नवा लॅपटॉप घेणे जड नाही, त्याने प्रती काढाव्यात आणि स्वस्थ राहावे. पण कर्ज काढून मुलीला संगणक घेऊन देणारा बाप, घरबसल्या अक्षरजुळणी करून संसार चालवणारी गृहिणी, शिष्यवृत्तीच्या पैशांतून यंत्र घेतलेला विद्यार्थी ह्यांच्यासाठी ते यंत्र म्हणजे शिंप्याचे शिलाईयंत्र आहे. ते गेले की काम थांबते. विम्याची खरी गरज त्यांना आहे, आणि कलमांच्या इंग्रजी जंगलात वाट चुकण्याची भीतीही त्यांनाच अधिक आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. घराच्या मूळ विमापत्रातच साध्या चोरीचे आणि विजेच्या बिघाडाचे संरक्षण, थोडा अधिक हप्ता घेऊन का होईना, समाविष्ट असावे. ज्याला नको असेल त्याने ते वगळावे. आणि काय मिळणार नाही ह्याची यादी पहिल्याच पानावर, ग्राहकाच्या भाषेत, म्हणजे इकडे मराठीत, छापलेली असावी. न्यायालयाने २००४ मध्ये जी अपेक्षा व्यक्त केली तिच्यापेक्षा ह्यात काही अधिक नाही. तोवर वाचकांनी आपले विमापत्र एकदा कपाटातून काढून चोरीचे कलम तेवढे वाचावे, आणि ज्या दिवशी ते वाचतील त्याच दिवशी आपल्या लिखाणाची एक प्रत घराबाहेर पाठवावी.