‘तांत्रिक मुद्द्यावर सुटला’ म्हणण्यापूर्वी

कोर्टांनी पोलिसांचे हात बांधले आणि गुन्हेगारांना मोकळं रान दिलं, ही अमेरिकेतली तक्रार जुनी आहे. 1968 च्या निवडणुकीत रिचर्ड निक्सन यांनी तिच्यावर मतं मागितली होती. चौकशीआधी हक्क वाचून दाखवा, वॉरंटशिवाय घरात शिरू नका, वकील द्या, ही सगळी कायद्याची कलाकुसर. तिच्या आडून नराधम सुटतात आणि पीडितांच्या हाती काही लागत नाही, असा हा युक्तिवाद. आपल्याकडेही तो आवडीने उचलला जातो. मला तो मुळातच चुकीचा वाटतो.

ज्याच्या नावाने सर्वाधिक बोटं मोडली जातात, तो अर्नेस्टो मिरांडा सुटला नव्हता. 1963 मध्ये फिनिक्सच्या पोलिसांनी त्याला अपहरण आणि बलात्काराच्या संशयावरून पकडलं आणि दोन तासांच्या चौकशीत लेखी कबुली घेतली. वकील मागण्याचा हक्क आहे, हे त्याला सांगितलं नव्हतं. 1966 मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा रद्द केली. पुढच्याच वर्षी ती कबुली बाजूला ठेवून खटला पुन्हा चालला. तो दोषी ठरला आणि वीस ते तीस वर्षांची तीच शिक्षा झाली. हक्क पाळूनही गुन्हा सिद्ध करता येतो, हे त्याच्याच खटल्याने दाखवलं.

विरोधकांचा सर्वांत वजनदार प्रश्न न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी 1926 मध्ये न्यूयॉर्कच्या एका खटल्यात विचारला होता: शिपाई चुकला म्हणून गुन्हेगाराने का सुटावं? प्रश्न प्रामाणिक आहे. पण ‘चूक’ म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. मे 1957 मध्ये क्लीव्हलंडचे पोलीस बॉम्बस्फोटातल्या एका संशयिताच्या शोधात डॉलरी मॅप यांच्या दारी आले. वकिलाशी फोनवर बोलून त्यांनी वॉरंटशिवाय आत घ्यायला नकार दिला. काही तासांनी जास्त कुमक आली आणि दार तोडलं गेलं. एका अधिकाऱ्याने वॉरंट म्हणून कागद दाखवला, मॅप यांनी तो हिसकावून छातीशी कपड्यात दडवला. झटापट करून तो परत घेतला गेला, त्यांना बेड्या घातल्या आणि धावत आलेल्या वकिलाला बाहेरच अडवलं. कपाटं, ट्रंका, तळघर सगळं उपसल्यावर त्यांच्यावर खटला भरला तो अश्लील पुस्तकं बाळगल्याचा. ते वॉरंट कोर्टात कधीच हजर झालं नाही.

याला शिपायाची चूक कोण म्हणेल? अशा झडतीतला पुरावा फेडरल कोर्टात 1914 पासून चालत नव्हता, पण अनेक राज्यांच्या कोर्टांत खुशाल चालत होता. मग वॉरंटसाठी न्यायाधीशाकडे कोण कशाला जाईल? 1961 मध्ये मॅप यांच्याच खटल्यात सुप्रीम कोर्टाने हा नियम राज्यांनाही लागू केला, तेव्हा न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याला वरिष्ठांपासून गस्तीच्या शिपायांपर्यंत सगळ्यांना झडतीचे नियम नव्याने शिकवावे लागले. पुरावा बाद होऊ लागला तेव्हा कुठे अवाजवी झडतीला मनाई करणारी चौथी घटनादुरुस्ती पोलीस चौकीपर्यंत पोचली.

या नियमामुळे कधीकधी खरा गुन्हेगार सुटतो, हे मान्य. पण पोलीस कायद्याने वागले असते तर अशा अनेक प्रकरणांत तो पुरावा त्यांच्या हाती लागलाच नसता. ही किंमत झडतीवर मर्यादा घालणाऱ्या घटनेनेच ठरवली आहे. शिवाय वॉरंट सदोष निघालं तरी पोलीस त्यावर प्रामाणिकपणे विसंबले असतील तर पुरावा चालतो, असं कोर्टाने 1984 मध्येच ठरवलं आहे. क्षुल्लक त्रुटीसरशी आरोपी मोकळा होतो, हे चित्र खोटं आहे.

आता सत्याबद्दल. हक्क सत्याच्या आड येतात म्हणणाऱ्यांनी मिसिसिपीतल्या केम्पर काउंटीचा खटला वाचावा. 30 मार्च 1934 ला एका गोऱ्या शेतकऱ्याचा खून झाला. संशयावरून एका काळ्या शेतमजुराला डेप्युटी शेरीफच्या देखत झाडाला दोराने लटकवलं, उतरवलं, पुन्हा लटकवलं, मग बांधून फटके मारले. इतर दोघांना तुरुंगात कपडे उतरवून खुर्च्यांवर पालथं घातलं आणि बक्कल लावलेल्या चामडी पट्ट्याने पाठ सोलली. पोलिसांना हवे ते तपशील जुळेपर्यंत मार चालू होता. 4 एप्रिलला आरोप, 5 ला खटला सुरू, 6 ला तिघांनाही फाशीची शिक्षा. एकाच्या मानेवरचे दोराचे वळ कोर्टात सगळ्यांना दिसत होते. किती मारलं असं विचारल्यावर डेप्युटीने शपथेवर सांगितलं की काळ्या माणसासाठी ते फार नव्हतं, आणि आपल्यावर सोडलं असतं तर आणखी मारलं असतं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तरीही शिक्षा कायम केली. कबुलीखेरीज ठोस पुरावा नव्हता. फेब्रुवारी 1936 मध्ये वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा एकमताने रद्द केली. तिथे सत्य शोधायला मारापेक्षा हक्कच उपयोगी पडले असते. पोलिसांपुढची कबुली आपल्याकडे 1872 च्या पुरावा कायद्यापासून साधारणपणे ग्राह्य नाही, त्यामागेही हाच अनुभव आहे.

त्या तिघांचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. पुन्हा त्याच राज्यात खटल्याला उभं राहण्याची जोखीम न घेता त्यांनी कमी गुन्ह्यावर तडजोड केली आणि शिक्षा भोगली. हक्कांची खरी गळती अशा तडजोडींत आहे. फेडरल कोर्टांतल्या सुमारे 97 टक्के आणि राज्यांतल्या सुमारे 94 टक्के शिक्षा खटला न चालताच गुन्हा कबूल करून होतात, असं सुप्रीम कोर्टानेच 2012 मध्ये नोंदवलं. ज्यूरी, उलटतपासणी, मौनाचा अधिकार यांतलं काहीच तिथे वापरलं जात नाही. खटला लढलात तर कितीतरी मोठी शिक्षा, असा धाक असतो आणि सरकारी खर्चाने मिळालेल्या वकिलाला फाईल वाचायला वेळ नसतो. म्हणून चौकशीचं सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रीकरण हवं, अशा वकिलांना पुरेसा पैसा हवा आणि मोठ्या शिक्षेचा धाक घालून कबुली काढण्याला मर्यादा हवी.

तेव्हा ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटला’ असं पुढच्या वेळी कानावर आलं, तर वाचकहो, दोन गोष्टी जरूर विचारा: नियम कोणता मोडला, आणि तो कोणी मोडला?