पडदा काळा राहिला, तर?

गेल्या दिवाळीच्या सुटीतली गोष्ट. शेजारचा नववीतला मुलगा तोंड पाडून माझ्याकडे आला. "काका, माझा संगणक गेला!" वर्षभर साठवलेल्या पैशांतून त्याने एक वापरलेले ग्राफिक्स कार्ड घेतले होते. ते बसवल्यापासून संगणकाचा दिवा लागे, पंखा फिरे, पण पडद्यावर काही उमटेना. वडिलांचे निदान तयार होते, "नको तिथे हात घातलास!" दुकानदाराचेही तयार होते: मदरबोर्ड जळला असणार. दोघांपैकी एकानेही कॅबिनेटच्या आत डोकावून पाहिले नव्हते.

मी विचारले, "तू काय काय केलेस?" कार्ड बसवले, चित्र येईना म्हणून रॅमच्या पट्ट्या काढून पुसल्या, मदरबोर्डवरचा छोटा सेल काढून परत घातला, केबल बदलली. हे सगळे एका दमात, आणि नोंद कशाचीच नाही! माझी तक्रार आहे ती एवढ्यापुरतीच. त्याने संगणक उघडला याबद्दल मुळीच नाही.

आम्ही आधी मागे गेलो. नवे कार्ड काढले आणि पडद्याची केबल मदरबोर्डवरच्या तिच्या जुन्या जागी लावली. त्याच्या प्रोसेसरमध्येच चित्र उमटवण्याची सोय होती, तेव्हा आता पूर्वीसारखे चित्र यायला हवे. (इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असतो त्यांत ही सोय नसते, तिथे ही कसोटी लागू पडत नाही.) पण चित्र आले नाही! म्हणजे कार्ड काढून टाकल्यावरही दोष शिल्लक होता. शोधता शोधता सापडले: रॅमची एक पट्टी खाचेत पुरती बसलीच नव्हती. हा बिघाड दुरुस्तीच्या भरात त्याने स्वतःच निर्माण केला होता. पट्टी दाबून बसवताच पडदा उजळला.

मग कार्ड पुन्हा बसवले, पडद्याची केबल कार्डाच्या खोबणीत लावली. पुन्हा काळोख. पण आता घाबरण्याचे कारण नव्हते, कारण या खेपेस कार्डाखेरीज काहीच बदललेले नव्हते. इथे चौथीतले गणित उपयोगी पडले. ज्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेत कार्ड बसते ती जास्तीत जास्त 75 वॉट शक्ती पुरवते. त्याच्या कार्डाला लागत होती 120 वॉट. उरलेली 45 कुठून येणार? त्यासाठी कार्डाच्या कडेला सहा टाचण्यांची वेगळी जोडणी असते. तिच्यातून आणखी 75 वॉट मिळू शकतात. तिची वायर कॅबिनेटच्या तळाशी प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली, जशीच्या तशी पडून होती. ती जोडली आणि चित्र आले. मदरबोर्ड सुखरूप होता, कार्डही.

आता शिक्षकांशी दोन शब्द. प्रयोगशाळेत आपण ओहमचा नियम पडताळतो, पण उत्तर सर्वांना आधीच ठाऊक असते. काही हुशार मंडळी तर आलेखाची सरळ रेषा आधी काढून वाचने मागाहून लिहितात! बंद पडलेल्या संगणकात अशी लबाडी चालत नाही. अंदाज चुकला की पडदा काळाच राहतो. असे असताना आपण संगणकाच्या खोलीला कुलूप लावतो आणि 'हात लावू नये' अशी पाटी टांगतो, हे मला पटत नाही.

मोडतोडीची आणि विजेच्या धक्क्याची भीती खोटी नाही. म्हणून उघडण्यापूर्वी भिंतीतला प्लग काढावा. अंगावरची स्थिरविद्युत निघून जावी म्हणून कॅबिनेटच्या धातूला हात लावावा. वीज पुरवणारी एसएमपीएसची पेटी मात्र कोणीही, कधीही उघडू नये; प्लग काढल्यावरही तिच्यातील धारित्रांत विद्युतभार साठून राहतो. बाकी भागांना 12, 5 आणि 3.3 व्होल्ट मिळतात.

एखादा जुना संगणक शाळेच्या कोपऱ्यात धूळ खात असेल, तर तो टेबलावर आणा. तासाआधी रॅमची पट्टी थोडी सैल करून ठेवा, किंवा पडद्याची केबल चुकीच्या खोबणीत लावा. मुलांना वहीत दोन रकाने आखायला सांगा: 'काय बदलले' आणि 'काय दिसले'. एका ओळीत एकच बदल. आणि उत्तर, कृपा करून, सांगू नका.