दोन सारख्या नौकांतील निवड

दोन भावांचे एक सधन कुटुंब आहे, असे समजू. थोरले नांदेडला, तर धाकटे लातूरला व्यापारात आहेत. सुट्टीत मुलाबाळांसह जलविहार करता यावा, म्हणून घरची मोटारबोट घेण्याचा विचार झाला. दोन नौका पसंतीस उतरल्या. दोन्ही फायबरच्या, सोळा फुटी आणि सहा आसनांच्या. किंमतही सारखीच, आठ लाखांच्या आसपास. थोरल्यांना पहिली आवडली, धाकट्यांना दुसरी. अशा वेळी निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

प्रथम नौकेचा तळ पाहावा. पहिलीचा तळ खोल व टोकदार असून इंजिन ६० अश्वशक्तीचे आहे. असा तळ लाटा कापीत जातो, म्हणून समुद्रावर तो सुखद ठरतो. मात्र त्यास शक्ती आणि पाण्याची खोली दोन्ही अधिक लागतात. शिवाय थांबलेली नौका अधिक डुलते. दुसरीचा तळ पसरट व इंजिन ४० अश्वशक्तीचे. ती लाटांवर आदळते. परंतु शांत पाण्यात स्थिर राहते आणि उथळ जागीही चालते. लहान मुले व वृद्ध चढता-उतरताना ही स्थिरता मोलाची असते.

यानंतर पाण्याचा विचार. नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरी प्रकल्पाचा शंकरसागर जलाशय आहे. लातूरचे पाणी धनेगावच्या मांजरा धरणातून येते. मुलांची मोठी सुट्टी एप्रिल-मे महिन्यांत असते आणि नेमक्या त्याच काळात जलाशयांची पातळी खालावून काठाशी चिखल उरतो. पावसाळ्यात पाणी भरपूर, पण पूर आणि धरणाचे उघडलेले दरवाजे यांमुळे ते धोक्याचे. उरतो तो दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ. अशा पाण्यावर दुसरी नौकाच अधिक उपयोगी.

इंधनाचा हिशेबही तिच्याच बाजूने जातो. ढोबळमानाने पेट्रोलचे फोर-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात दर १० अश्वशक्तीमागे ताशी पावणेचार लिटर इंधन घेते. म्हणजे पहिलीस तासाला सुमारे २२ लिटर, तर दुसरीस १५ लिटर. तेलमिश्रित इंधनावर चालणारे टू-स्ट्रोक इंजिन मात्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. त्यातील न जळालेले तेल पाण्यात उतरते आणि विष्णुपुरीचे पाणी नांदेडकर पितात.

तथापि, दोन नौकांची तुलना संपली म्हणजे निर्णय झाला, असे नाही. आठ लाख रुपये ७ टक्के व्याजाने ठेवल्यास वर्षाला ५६,००० रुपये मिळतात. वर्षातून नौकाविहाराचे १४ दिवस हाती लागले, तर केवळ बुडालेले व्याजच दिवसाला ४,००० रुपये पडते. इंधन, दुरुस्ती, ट्रेलर, विमा आणि घसारा त्याहून निराळे. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ अन्वये सर्वेक्षण, नोंदणी व विमा यांचाही विचार करावा लागतो. जलाशयात नौका उतरविण्यास जलसंपदा विभागाची परवानगी मिळते का, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. प्रत्येकाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट हा तर सोडताच न येणारा खर्च होय. मोठ्यांचे जाकीट बालकाच्या अंगातून निसटते.

एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तशा वर्षी घरची नौका अंगणात ताडपत्रीखाली उभी राहते आणि व्याज मात्र बुडतच राहते.

म्हणून या कुटुंबाने प्रथम दोन सुट्ट्या भाड्याच्या नौकेत घालवाव्यात. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळ्यास तशी सोय आहे. त्यानंतरही हौस टिकली आणि परवानगी हाती आली, तर दुसरी नौका घ्यावी. तोपर्यंत आठ लाखांची ठेव मोडण्याचे कारण नाही.