हरलेल्या मज्जातंतूची बाजू

‘वापरा, नाहीतर गमवाल’ ही धमकी बालविकासाच्या व्याख्यानांत आणि शिकवणीवर्गांच्या जाहिरातींत सर्रास ऐकू येते. दाखला मज्जासंस्थेतल्या स्पर्धेचा दिला जातो. दाखला खरा आहे; त्यातून काढलेला अर्थ मात्र उतावीळ आहे. नवजात उंदराच्या एकेका स्नायुतंतूवर एकाच जोडापाशी दोन किंवा अधिक मज्जातंतू ठाण मांडून असतात. दोन-तीन आठवड्यांत एकच उरतो. हटणाऱ्याच्या टोकाशी गोळा तयार होतो, त्याचे तुकडे गळतात आणि शेजारच्या ‘श्वान’ नावाच्या आधारपेशी ते गिळून टाकतात. इतके पाहून ‘बळी तो कान पिळी’ म्हणायचा मोह होतो. पण टर्नी आणि लिक्टमन या संशोधकांनी २०१२ मध्ये लेसरने एक प्रतिस्पर्धी जाळला, तेव्हा माघार घेऊ लागलेला दुसरा तंतू परत फिरला आणि त्याने रिकामी जागा व्यापली. शिवाय एकाच मज्जापेशीच्या काही शाखा हरतात, काही जिंकतात. मग नालायक कोणाला ठरवायचे?

यावर कोणी म्हणेल, वापराला काहीच किंमत नाही का? आहे. रासायनिक संदेश कमी देऊ शकणारा तंतू बहुधा हरतो, हे २००३ मध्ये जनुकीय प्रयोगाने दाखवले गेले. पण कमी म्हणजे शेजाऱ्यापेक्षा कमी. १९९४ मध्ये बॅलिस-गॉर्डन आणि लिक्टमन यांनी प्रौढ उंदरांच्या जोडाचा एक भाग विषद्रव्याने बधिर केला, तेव्हा तेवढ्याच भागातून मज्जातंतू हटला. अख्खा जोड बधिर केला, तर तो जागचा हलला नाही. म्हणजे घात शांततेने होत नाही, विषमतेने होतो, आणि जाहिरातीत नेमके हेच गाळले जाते.

स्नायू म्हणजे मेंदू नव्हे, हा आक्षेप रास्तच. पण मग स्नायूचे नियम बालवाडीत आणणाऱ्यांनीही तो पाळावा. मेंदूतले उदाहरण हवे, तर ‘आळशी डोळा’, म्हणजे एका डोळ्याची नजर मंद राहणे, घ्या. ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा मिटून ठेवला, तेव्हा उघड्या डोळ्याने मेंदूतली बहुतेक जागा बळकावली. दोन्ही मिटले, तेव्हा तसे एकतर्फी नुकसान झाले नाही. उपचार लहानपणीच जास्त लागू पडतात, हेही मान्य. तरी नेत्रतज्ज्ञ चष्म्याबरोबर रोज काही तास पट्टी बांधायला सांगतात, ती चांगल्या डोळ्यावर.