खाणीच्या नोकरीचा हिशेब

लोहखनिजाच्या पट्ट्यांचे लिलाव होऊन गोव्यातील खाणी एकेक करून पुन्हा सुरू होऊ लागल्या, तसा डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे या तालुक्यांतील घराघरांत एक जुनाच प्रश्न नव्याने विचारला जाऊ लागला आहे. खाणीवर नोकरी मिळेल काय, आणि मिळाली तर ती धरावी काय? पहिल्या चार पट्ट्यांचा लिलाव डिसेंबर २०२२ मध्ये झाला आणि त्यांतील डिचोलीच्या पट्ट्यावर एप्रिल २०२४ मध्ये उत्खननाला आरंभ झाला. त्यानंतर अर्ज, शिफारशी आणि आमदारांच्या दारांतील रांगा यांनाही आरंभ झाला. खाणप्रश्नावर आजवर भाषणे उदंड झाली. मालकांची बाजू मांडली गेली, पर्यावरणाची बाजू मांडली गेली, तिजोरीची तर सर्वांत अधिक मांडली गेली. ज्याला उद्या सकाळी डबा घेऊन खाणीवर जायचे आहे, त्याच्या नोकरीचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. तो मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या हिशेबाचे पहिले पान इतिहासाचे आहे. पोर्तुगीज अमदानीत खाणींचे परवाने मुदतीवाचून दिले गेले. डोक्यावर पाटी घेऊन खनिज वाहणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या श्रमावर हा धंदा उभा राहिला. पुढे जपानची मागणी आली, पाठोपाठ यंत्रे आली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी परवाने राहिले. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे स्वतः खाणमालक होते. १९८७ मध्ये संसदेने कायदा करून ते परवाने रद्द केले आणि त्यांचे रूपांतर खाणपट्ट्यांत केले. त्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली. परंतु नेमक्या त्याच सुमारास चीनच्या पोलादी भट्ट्या आमच्या हलक्या प्रतीच्या खनिजालाही सोन्याचा भाव देत होत्या. मुदत संपली याचे भान ना मालकांना राहिले, ना सरकारला. २०१०-११ या एका वर्षात पाच कोटी टनांहून अधिक खनिज येथून परदेशी गेले. त्यात शेजारच्या कर्नाटकातील मालही होता. इवल्याशा गोव्याच्या रस्त्यांनी आणि नद्यांनी तो भार कसा सोसला, हे कुडचडे-सावर्ड्याच्या लोकांना विचारावे.

मग व्हायचे तेच झाले. शहा आयोगाचा अहवाल संसदेपुढे आला आणि १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने उत्खनन थांबविले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही स्थगिती दिली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने २००७ नंतरचे उत्खनन बेकायदेशीर ठरविले, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि खनिजविक्रीचा दहावा हिस्सा भावी पिढ्यांसाठी कायम निधीत टाकण्याचा आदेश दिला. सरकारने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले, २०१५ मध्ये काही खाणी चालू झाल्या. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ते नूतनीकरणही रद्द केले आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा निपचित पडल्या.

या तारखा आम्ही वकिलासाठी देत नाही, नोकरी शोधणाऱ्या तरुणासाठी देतो. सहा वर्षांच्या आत दोनदा खाणी बंद झाल्या आणि दोन्ही वेळा कामगाराचा काडीचाही दोष नव्हता. त्याने चोरी केली नव्हती, संप केला नव्हता, पट्ट्याची मुदत संपल्याचे त्याच्यापासून लपविले गेले होते. अपराध वरच्या मजल्यावर घडला आणि शिक्षा तळमजल्यावर भोगली गेली. म्हणून खाणीवर नोकरी मागणाऱ्याने पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती ही, की या नोकरीचे आयुष्य तिच्या मालकाच्या हाती नसते. ते तीन गोष्टींवर टांगलेले असते: जमिनीतील साठा, परदेशातील भाव आणि कायद्याचा कागद. साठा एकदा उपसला की पुन्हा भरत नाही. भात कापले तरी पुढल्या वर्षी शेत पुन्हा पिकते, पण खनिज कापले की तेथे खड्डाच उरतो.

दुसरे पान कर्जाचे आहे, आणि ते वाचताना मन खिन्न होते. खाणपट्ट्यात ज्यांना नोकरी नव्हती त्यांनी ट्रक घेतले, थोड्या सधनांनी बार्ज घेतल्या. बँकांनी हात सैल सोडले. एका ट्रकावरून दोन, दोनांवरून चार, अशी कुटुंबे कर्जाच्या पायऱ्या चढत गेली. भाडे टनावर आणि अंतरावर ठरत असल्याने फेऱ्या जितक्या अधिक तितकी कमाई अधिक, आणि कमाई जितकी अधिक तितके पुढले कर्ज मोठे. २०१२ च्या त्या सप्टेंबरात चाके थांबली, हप्ते मात्र थांबले नाहीत. पुढे सरकारला कर्जसवलतीची योजना आणावी लागली. तरीही किती दारांत ट्रक गंजत उभे राहिले, किती घरांतील लग्ने लांबली, किती गॅरेजे, टायरची दुकाने आणि चहाची हॉटेले बंद पडली, याची गणती कोणत्याच अर्थसंकल्पात नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आज पुन्हा नव्या ट्रकांची चौकशी सुरू झाल्याचे ऐकून आम्हांस चिंता वाटते ती याचसाठी. खाणीवर वर्षांच्या हमीचा लेखी करार हाती नसता घर गहाण टाकून ट्रक घेणे हा धंदा नव्हे, जुगार आहे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. खाण सुरू झाली म्हणजे गावातील प्रत्येक हाताला काम मिळेल, हा समज जितक्या लवकर दूर होईल तितके बरे. गोव्यातील खाणी उघड्या आहेत. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापत जावयाचा, वरची निरुपयोगी माती डंपावर टाकावयाची आणि खनिज चाळून-धुऊन जेटीकडे पाठवावयाचे, अशी ही पद्धत आहे. पूर्वी शंभर पाट्या जे करीत ते आज एक एक्स्कॅव्हेटर आणि चार डंपर करतात. तेव्हा मागणी आहे ती यंत्र चालविणाऱ्याला, यंत्र दुरुस्त करणाऱ्याला, मोजणी करणाऱ्याला, खनिजाची प्रत तपासणाऱ्याला आणि सुरक्षिततेची जबाबदारी घेणाऱ्याला. नुसत्या अंगमेहनतीला मागणी थोडी आहे, आणि तीही बहुधा कंत्राटदारामार्फत.

म्हणून शिफारसपत्राच्या मागे धावण्यापूर्वी प्रमाणपत्राच्या मागे धावावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. जड वाहनाचा परवाना, आयटीआयमधील फिटर, वेल्डर, डिझेल मेकॅनिक किंवा विजेच्या कामाचे शिक्षण हे मिस्त्रीकामाचे दार उघडते. त्याहून वर चढायचे तर धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या परीक्षा आहेत. मेट, ब्लास्टर, फोरमन, सर्व्हेअर आणि व्यवस्थापक या प्रत्येक पायरीसाठी ठराविक अनुभव आणि स्वतंत्र प्रमाणपत्र लागते. मेट-फोरमनला प्रथमोपचाराचेही ज्ञान असावे लागते. येथे एक बारकावा आहे. ज्याचा अनुभव केवळ उघड्या खाणीचा, त्याला मिळणारे प्रमाणपत्र उघड्या खाणींपुरतेच मर्यादित असते. भूमिगत खाणीत ते चालत नाही. तरी देखील हा कागद गोव्याच्या सीमेवर संपत नाही. डिचोलीची खाण उद्या थांबली तर तो रेडीला, बळ्ळारीला, ओडिशाला उपयोगी पडतो. आमदाराचे पत्र मात्र मतदारसंघाच्या हद्दीबाहेर रद्दीच्या मोलाचे असते. जलमार्गावरही हेच खरे. बार्जवर सारंग किंवा ड्रायव्हर म्हणून उभे राहायचे तर सक्षमतेचा दाखला हवा, आणि तो दाखला असलेल्या माणसाला खनिज नसले तरी पाणी आहे.

काम कसे असते? पाळीचे असते. सण-उत्सवाच्या रात्रीही पाळी चुकत नाही. लाल धूळ कपड्यांत, जेवणात आणि छातीत शिरते. यंत्रांच्या आवाजाने ऐकणे मंदावते, डंपरच्या हादऱ्याने चाळिशीतच कंबर बोलू लागते. मे महिन्यात उघड्या पायरीवर सावली नसते आणि पावसाळ्यात कडा केव्हा सुटेल याचा नेम नसतो. पावसाच्या महिन्यांत खनिजाची वाहतूक बंद राहते, म्हणजे ट्रकवाल्याचे वर्ष बारा महिन्यांचे नसते, हेही कुटुंबाच्या जमाखर्चात धरावे. कामावर घेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी आणि पुढे ठराविक काळाने तीच तपासणी मालकाच्या खर्चाने व्हावी, अशी खाणकायद्याची रीत आहे. तिला विघ्न न समजता हक्क समजावे. पहिल्या दिवशीच्या छातीच्या चित्राची प्रत ज्याने घरी जपून ठेवली, त्याला वीस वर्षांनंतर आपला आजार कोठे जडला हे सिद्ध करता येते. सुरक्षा टोपी, बूट आणि धुळीचा मास्क हे मुकादमाच्या भीतीने घालावयाचे अलंकार नव्हेत.

तिसरे पान कागदांचे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतील काही तरतुदींवर कामगार संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत आणि ते दुर्लक्षणीय नाहीत. तथापि नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक झाले, जादा कामाला दुप्पट दर राहिला आणि मुदतीच्या करारावरील कामगारालाही एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला, या गोष्टी खाणकामगाराच्या उपयोगाच्या आहेत. खाणपट्ट्यात ‘उद्यापासून ये’ या तोंडी शब्दावर आयुष्य काढलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. खाण बंद झाली त्या दिवशी आपण कोणाचे कामगार होतो हेच त्यांना सांगता येईना. मालक कंत्राटदाराकडे बोट दाखवी आणि कंत्राटदार मालकाकडे. कंत्राटदाराने वेतन बुडविले तर ते देण्याची अंतिम जबाबदारी मूळ मालकावर येते, हे कायद्याचे तत्त्व आहे. परंतु ते तत्त्व वापरायला हाती नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठी आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक असावा लागतो. हे तीन कागद न देणाऱ्याकडे काम करणे म्हणजे वाळूवर सही करणे होय.

आणखी एका गोष्टीसाठी तरुणांनी मनाची तयारी ठेवावी. खाणीवरील नोकरी ही पुष्कळदा आपल्याच गावाच्या विरुद्ध उभी राहते. भूजलाच्या पातळीखाली खड्डा गेला की शिरगावसारख्या गावच्या विहिरी आटतात, डंपाची माती वाहून पिसुर्ल्यासारख्या गावची शेते बुजतात. मग एकाच घरात बाप शेतासाठी अर्ज लिहितो आणि मुलगा खाण चालू राहावी म्हणून मोर्चात जातो. दोघेही खोटे नसतात. त्यांना एकमेकांचे वैरी ठरविणारे पुढारी मात्र खोटे असतात. विहिरीला पाणी राहील, शेतात माती येणार नाही आणि उत्खनन मर्यादेत चालेल, अशा नियमानेच जी खाण चालते ती अधिक वर्षे चालते, आणि म्हणून मुलाच्या नोकरीचेही हित बापाच्या अर्जातच आहे. २०१२ ने हे शिकविले नसेल, तर दुसरे काही शिकवील असे वाटत नाही.

सरकारकडे आमची मागणी थोडी आणि स्पष्ट आहे. पुढील प्रत्येक लिलावाच्या अटींतच जुन्या खाणींवरून कमी झालेल्या स्थानिक कामगारांना प्रथम संधी देण्याचे कलम घालावे. प्रत्येक पट्ट्याचा साठा किती, मंजूर वार्षिक उत्पादन किती आणि त्या गतीने खाण किती वर्षे चालेल, हे पंचायतीच्या फलकावर मराठीत आणि कोंकणीत लावावे. लिलावाचा पट्टा पन्नास वर्षांचा असतो. खनिज पन्नास वर्षे पुरेलच असे नाही. खाण चालू असतानाच जिल्हा खनिज निधीतून प्रमाणपत्रांच्या परीक्षांची तयारी आणि खाणीबाहेरच्या कसबांचे शिक्षण द्यावे. खाण बंद पडल्यावर दिलेली मदत ही भीक असते, चालू असताना दिलेले शिक्षण ही मिळकत असते.

खाणीवर जाऊ नका, असे आम्ही तरुणांना सांगणार नाही. कष्टाची भाकरी कोणत्याही मातीत मिळाली तरी ती पवित्रच आहे, आणि घरात बसून सरकारी नोकरीची वाट पाहण्यापेक्षा ती शतपटीने बरी. आमचे सांगणे इतकेच की खाणीत नोकरी करावी, पण आयुष्य खाणीकडे गहाण टाकू नये. पहिल्या पगारातून ट्रकाचा हप्ता ठरविण्याऐवजी परीक्षेची फी भरावी, शेताचा बांध मोडू देऊ नये, आणि नियुक्तिपत्र घरातल्या देव्हाऱ्यातील कागदांइतकेच जपावे. डोंगर संपेल तेव्हा मालक दुसऱ्या डोंगराकडे जाईल. कामगाराला मात्र त्याच गावात, त्याच विहिरीचे पाणी पिऊन राहायचे आहे, हे नोकरीच्या पहिल्या दिवशीच ध्यानी धरावे.